तंजावरचे नेत्रवैद्य राजे : सरफोजी दुसरे



कुंभकोणम या गावाचे नाव आपण ऐकले असेल. कावेरीकाठचे हे गाव देवळांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. दर बारा वर्षांनी तेथे महामहमचा मोठा मेळा भरतो आणि एका विस्तीर्ण तलावात स्नान करण्यासाठी लाखो लोक लोटतात. परंतु मराठी वाचकाने या गावाकडे आणखी एका कारणासाठी पाहिले पाहिजे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी गाजवणारे सर टी. माधवराव १८२८ साली याच गावी एका मराठी घरात जन्मले. गावापासून आठ-नऊ किलोमीटरांवर तिरुविडैमरुदूर नावाचे दुसरे देवस्थान आहे. तंजावरच्या गादीवरून उतरवलेले अमरसिंग महाराज तेथे जाऊन राहिले आणि १८०२ साली त्यांचे निधन झाले. ज्या पुतण्यासाठी त्यांना गादीवरून उतरवले गेले, त्या पुतण्याचे चरित्र आज आपणांस सांगावयाचे आहे.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर घेतले आणि तेथे भोसल्यांची एक शाखा रुजली. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, तमिळ मुलखाच्या ऐन मध्यावर, दरबाराचे कागद मोडीत लिहिले जात, नाटके मराठीत रचली जात, आणि राजवाड्याबाहेर पडले की तमिळ कानांवर येई. कुंभकोणम, तिरुवारूर, मन्नारगुडी ही सारी याच राज्यातील गावे. या घराण्यात दुसरे सरफोजी यांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी झाला. राजे तुळजाजी यांना वारस उरला नव्हता. त्यांनी १७८७ साली, आपल्या मृत्यूच्या थोडे आधी, भोसले कुळातील या मुलाला दत्तक घेतले.

येथे आपल्या ओळखीचे एक नाव या कथेत येते. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे प्रशियात १७२६ साली जन्मलेले लूथरन मिशनरी १७५० मध्ये तरंगमबाडीस उतरले, पुढे तिरुचिरापल्लीस आणि नंतर तंजावरास स्थायिक झाले आणि पुन्हा कधी मायदेशी परतले नाहीत. तमिळ, फारसी, मराठी या भाषा त्यांनी आत्मसात केल्या होत्या. त्यांच्या शब्दाला किती किंमत होती ते एका प्रसंगावरून कळते. हैदरअलीशी चाललेल्या युद्धात तंजावरच्या किल्ल्यात धान्य संपले. शेतकरी ना राजाच्या माणसांवर विश्वास ठेवीत ना कंपनीच्या. पैसे मिळतील असे श्वार्ट्झ यांनी सांगितल्यावर मात्र बैलांवर धान्य लादून ते किल्ल्यात घेऊन आले. खुद्द हैदरअलीने बोलणी करण्यासाठी कंपनीकडे मागणी केली ती याच माणसाची.

मरणाच्या दारी असलेल्या तुळजाजींनी दत्तक मुलाचे पालकत्व श्वार्ट्झ यांच्याकडे सोपवू पाहिले. श्वार्ट्झ यांनी ते नाकारले. परक्या धर्मोपदेशकाने राजपुत्राचा पालक होणे दरबारात कलह माजवील असे त्यांना वाटले. मुलाचे काका अमरसिंग यांच्याकडे कारभार द्यावा असा सल्ला त्यांनी दिला. पुढे जे घडले ते पाहता हा सल्ला चुकला असे म्हणावे लागते, आणि त्याची खंत त्यांनाही होती. अमरसिंग कारभारी राहिले नाहीत, राजे झाले. दत्तक अशास्त्रीय असल्याचा निर्णय काही पंडितांनी दिला, कंपनीने तो मानला आणि दहा वर्षांचा मुलगा अडगळीत गेला. त्याला राजवाड्याच्या अशा भागात बंदिस्त ठेवले होते की जेथे पुरेसा उजेड पोहोचत नव्हता. त्याला शिकवण्याचीही व्यवस्था नव्हती. श्वार्ट्झ यांनी मद्रासच्या सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले आणि अखेरीस १७९३ साली हा मुलगा तुळजाजींच्या विधवा राण्यांसह मद्रासला हलवला गेला. तेथे रेव्हरंड गेरिके यांनी त्याच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. इंग्रजी, गणित, भूगोल, निसर्गाची शास्त्रे, सर्व काही तो अधाशासारखा शिकला.

पुढे ज्या राजाने लोकांच्या डोळ्यांवर उपचार करविले त्याचे बालपण अंधाऱ्या खोलीत गेले, हा योग मनाला चटका लावतो खरा. पण त्यावरून काही सिद्ध करण्याचा मोह मी टाळतो. चरित्रे लिहिताना आपण असे दुवे फार सहजपणे जोडतो.

दत्तकाचा प्रश्न कंपनीने नव्याने पंडितांपुढे ठेवला आणि या वेळी निर्णय मुलाच्या बाजूने लागला. अमरसिंग पायउतार झाले. जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. ज्यांनी यासाठी जिवाचे रान केले ते श्वार्ट्झ मात्र त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला प्रभूच्या घरी गेले होते. शवपेटी बंद होण्यापूर्वी तरुण राजपुत्र आला, त्या चेहऱ्याकडे पाहून रडला आणि कबरेपर्यंत चालत गेला. मृतदेहाजवळ जाण्यासंबंधी त्याच्या कुळाचे नियम कडक होते, हे ध्यानात घ्या.

वाचकहो, आता या कथेतील कडू घोट. गादी मिळाली, पण कंपनीने ती फुकट दिली नव्हती. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचे सारे राज्य कंपनीकडे गेले. राजाकडे राहिला तो किल्ला आणि त्याच्या लगतचा थोडा भाग, वर्षाला एक लक्ष स्टार पॅगोडा, आणि मुलखाच्या निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. सैन्य नाही, महसूल नाही, न्यायदान नाही. बाविशीतल्या सुशिक्षित तरुणाच्या हाती राजा हे नाव आणि बराच पैसा एवढेच उरले. काका कुंभकोणमजवळ तनख्यावर, पुतण्या तंजावरात तनख्यावर. दोघांत फरक म्हणावा तर राजवाड्याचा. अशा अवस्थेतील संस्थानिकांचे पुढे काय होत असे ते इतिहासाने पुष्कळ दाखवले आहे. शिकार, नाच, कर्ज आणि वारसांचे खटले यांत पिढ्या संपल्या. सरफोजींनीही शिकार केली, घोडे बाळगले, दरबारी संगीताला आश्रय दिला. नेपोलियनचा पाडाव झाला तेव्हा समुद्रकाठी मनोरा नावाचा उंच बुरूज बांधून आपल्या इंग्रज मित्रांचे अभिनंदनही केले. हा भाग मला फारसा रुचत नाही, पण तो गाळून चरित्र सांगणे बरोबर नव्हे.

त्यांचे मन रमले ते इतरत्र. राजवाड्यातील जुन्या ग्रंथसंग्रहाला त्यांनी जे रूप दिले ते आज सरस्वती महाल ग्रंथालय म्हणून जगाला माहीत आहे. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी पोथ्यांशेजारी इंग्रजी, फ्रेंच, जर्मन ग्रंथ येऊन बसले. अनेक पुस्तकांवर राजांची इंग्रजी सही आहे. शरीररचना, रसायन, वनस्पती, विद्युत् अशा विषयांची नवी पुस्तके आणि उपकरणे विलायतेहून मागवली जात. १८०२ च्या सुमारास त्यांनी आपल्या प्रिय मुक्तांबा यांच्या स्मरणार्थ ओरत्तनाडू येथे मोठे छत्र उभारले. तेथे वाटसरूंना अन्न मिळे, मुलांना शिक्षण मिळे, आजाऱ्यांना औषध मिळे. १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. इतका मोठा मराठी शिलालेख आपल्याला महाराष्ट्रातही सापडणार नाही. देवेंद्र कुरवंजी या नावाचे एक मराठी नाट्यकाव्य त्यांच्या नावावर आहे. त्यात पृथ्वीचा भूगोल, खंडे, देश आणि शहरे गाण्यांतून सांगितली आहेत. तमिळ कुरवंजीत भविष्य सांगणारी स्त्री येते, तिच्या तोंडी राजांनी भूगोल घातला!

माझ्यासारख्या भाषांतरकाराला आणखी एका गोष्टीचे विशेष अप्रूप वाटते. सन १८०५ च्या सुमारास राजांनी राजवाड्यात देवनागरी छापखाना काढला. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत छापले तेही १८०५ सालीच. म्हणजे मराठी अक्षरे शिशाच्या खिळ्यांत ओतली जात होती ती पुण्याला नव्हे आणि साताऱ्यालाही नव्हे, तर हुगळीच्या आणि कावेरीच्या काठांवर. तंजावरच्या छापखान्यातून इसापनीतीचे मराठी रूप, बालबोधमुक्तावली, बाहेर पडले. मुलांनी वाचावे म्हणून राजाने गोष्टी छापवून घ्याव्यात ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आता मुख्य विषयाकडे वळतो. राजवाड्याच्या आश्रयाने धन्वंतरी महाल नावाची संस्था चालत असे. औषधे तयार करणे, रोग्यांवर त्यांचा प्रयोग करणे आणि परिणाम लिहून ठेवणे ही तिची कामे. आयुर्वेदाचे वैद्य, सिद्ध वैद्य, युनानी हकीम आणि युरोपीय वैद्यकाचे जाणकार यांना एका छताखाली बसवले होते. माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधे होत. औषधी वनस्पतींची रंगीत चित्रे कलावंतांकडून काढून घेतली जात. जी औषधे अनुभवाने उतरली ती तमिळ पद्यात बांधून ठेवली, म्हणजे वैद्यांना पाठ करता यावीत. शरभेंद्र वैद्य मुरैगळ या नावाने ती पुढे ग्रंथालयाने छापली. शरभेंद्र हे सरफोजींचेच दरबारी नाव. त्या मालेत डोळ्यांच्या रोगांना स्वतंत्र स्थान आहे.

डोळ्यांचा विषय राजांच्या विशेष आवडीचा होता. शस्त्रक्रियेच्या हत्यारांची पेटी ते जेथे जात तेथे बरोबर असे. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी इंग्रजीत सविस्तर लिहून ठेवलेल्या आहेत. रोग्याची हकीकत, डोळ्याची स्थिती, उपचार या गोष्टी त्यांत क्रमाने येतात आणि काही नोंदींसोबत रोग्याच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. आज दवाखान्यात आपल्या नावाची जी फाइल उघडली जाते तिचेच हे रूप. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियाही या नोंदींत आहेत. सुई प्रत्येक वेळी राजांच्याच हाती होती की त्यांच्या देखरेखीखाली युरोपीय डॉक्टरांनी व दरबारच्या वैद्यांनी काम केले, यावर अभ्यासक जपून बोलतात. मलाही तो वाद मोठा वाटत नाही. महत्त्व याचे आहे की राजाने रोग्याजवळ बसून त्याचे म्हणणे ऐकण्याची आणि लिहून ठेवण्याची पद्धत घालून दिली.

त्या काळी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया म्हणजे काय होते? आपल्या देशात सुश्रुताच्या काळापासून एक रीत चालत आली होती. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून अणकुचीदार शलाका आत घालावयाची आणि गढूळ झालेले भिंग बाहुलीसमोरून मागे ढकलून द्यावयाचे. भिंग डोळ्यातच राही, पण वाटेतून दूर होई, आणि रोग्याला पुन्हा उजेड व आकृती दिसू लागत. भिंग बाहेर काढण्याची रीत फ्रान्समध्ये दाव्हिएल यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास रूढ केली, तरी ढकलण्याची जुनी रीत युरोपातही पुष्कळ वर्षे चालू होती. भूल देण्याचे औषध १८४६ पर्यंत रूढ झाले नव्हते. रोगी शुद्धीवर असे, त्याचे डोके सहकाऱ्याने घट्ट धरलेले असे आणि वैद्याला काही क्षणांत हात आवरावा लागे. जखम पुढे चिघळली तर डोळा कायमचा जाई. खेड्यापाड्यांतून फिरणारे लोक हीच शस्त्रक्रिया करीत आणि पट्टी सोडण्याआधी पुढच्या गावी निघून जात. त्यांनी कोणाची नोंद ठेवली नाही, त्यामुळे कितीजण आंधळे झाले ते कोणाला कळले नाही. तंजावरच्या कागदांचे मोल येथे समजते.

परंतु सुई उचलण्याआधी आणखी एक प्रश्न असतो आणि तो सर्वांत कठीण. हा माणूस पाहू शकत नाही ते भिंग गढूळ झाल्यामुळे की डोळ्यामागची मज्जातंतूची वाट बंद झाल्यामुळे? पहिल्या रोगावर इलाज होता, दुसऱ्यावर नव्हता. दोन्ही रोगी एकाच काठीच्या आधाराने एकाच दारात येऊन उभे राहत. डोळ्याच्या आत पाहता येईल असे उपकरण जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी शोधले ते १८५१ साली, म्हणजे सरफोजींच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी. त्यापूर्वी जगातील कोणत्याही नेत्रवैद्याच्या हाती इतकेच होते : बाहुली काळी आहे की करडी हे पाहावयाचे, डोळ्यासमोर दिवा आणावयाचा आणि बाहुली आकसते की नाही हे निरखावयाचे, आणि रोग्याला विचारावयाचे. उजेड कोणत्या बाजूने येतो ते कळते का? सावली हलली की जाणवते का? दृष्टी एकाएकी गेली की हळूहळू? आधी डोके दुखत होते का? बाहुली स्वच्छ काळी आणि तरीही रोगी आंधळा, असे आढळले की वैद्य समजे की दोष भिंगात नाही, त्यामागच्या तंतूत किंवा मेंदूत आहे. युरोपातील वैद्यांनी त्याला वेगळे नाव दिले होते, आणि त्या काळच्या एका विनोदाप्रमाणे ते नाव अशा रोगाचे होते ज्यात रोग्याला काही दिसत नाही आणि वैद्यालाही काही दिसत नाही.

हा भेद मला पुस्तकातून कळलेला नाही. माझ्या आईला उतारवयात दिसेनासे झाले. आम्ही सर्वांनी मोतीबिंदू ठरवून टाकला, शेजाऱ्यांनीही तसेच सांगितले आणि शस्त्रक्रियेसाठी पैसे बाजूला ठेवले. डॉक्टरांनी विजेरी एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेली, परत आणली, पुन्हा नेली. मग त्यांनी विजेरी खिशात ठेवली आणि आईला न उठवता माझ्याशी बाहेर येऊन बोलले. मोतीबिंदू होता, पण तो काढून उपयोग नव्हता. आतली नस सुकली होती. आम्ही दोन वर्षे उशीर केला होता. आईने त्यानंतर विचारले ते इतकेच की डॉक्टर बाहेर का गेले. तेव्हापासून रोग्यासमोर बसून त्याला काय दिसते ते विचारणाऱ्या वैद्याविषयी मला विशेष आदर वाटतो.

भाषांतराच्या कामात मार्ककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायाशी मी पुष्कळ दिवस झटलो आहे. बेथसैदा येथील आंधळ्याची कथा आपणांस ठाऊक आहे. प्रभु त्याला हाताला धरून गावाबाहेर नेतो, त्याच्यावर हात ठेवतो, आणि नंतर त्याला काही दिसते का असे विचारतो. चारही शुभवर्तमानांत बरे करताना रोग्याला असा प्रश्न येथेच विचारला आहे. रोगी प्रामाणिकपणे सांगतो की माणसे दिसतात, पण झाडांसारखी, चालणारी. मग प्रभु पुन्हा हात ठेवतो. या ओळी मराठीत आणताना आमच्या मंडळात वाद झाला. त्या माणसाचे उत्तर ओबडधोबड आहे, ते सुबक करावे असे काहींचे मत होते. मी त्याला विरोध केला. रोगी असाच बोलतो. तंजावरच्या रोगनोंदींची माहिती मला मिळाली तेव्हा पहिल्याने हाच अध्याय आठवला.

१८२० ते १८२२ या काळात सरफोजी काशीयात्रेला गेले. सुमारे तीन हजार माणसांचा तांडा, पालख्या, बैलगाड्या, वैद्य, पंडित, लेखनिक असा तो प्रवास होता. घाटाघाटांवर दानधर्म झाला आणि काशीहून पोथ्यांचे गठ्ठे तंजावरास आले. चार वर्षांनी, १८२६ च्या मार्च महिन्यात, कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर तंजावरास आले. पुनरुत्थानाचा सण त्यांनी तेथील मंडळीसोबत साजरा केला आणि राजांची भेट घेतली. राजा लाव्हाझिए आणि लिनीयस यांच्या ग्रंथांविषयी सहजपणे बोलतो, इंग्रजी काव्य वाचतो आणि बंदूकही अचूक चालवतो, हे पाहून ते थक्क झाले. पुढे आठवडाभरात, ३ एप्रिल रोजी, तिरुचिरापल्लीस बिशप हीबर एकाएकी वारले. राजांविषयी त्यांनी लिहिलेली पत्रे मागे राहिली.

वाचकहो, एक प्रश्न आपल्या मनात केव्हाच आला असेल. ज्याला श्वार्ट्झ यांनी वाढवले, गेरिके यांनी शिकवले, त्याने बाप्तिस्मा घेतला का? नाही. सरफोजी अखेरपर्यंत आपल्या कुळधर्मात राहिले, बृहदीश्वराची सेवा केली, काशीला गेले. ईश्वरविद्येचा विद्यार्थी असताना मी ही हकीकत प्रथम वाचली आणि मला ती अपुरी वाटली. श्वार्ट्झ यांचे काम मधेच तुटले असे मी एका निबंधात लिहिलेही होते. शिक्षकांनी समासात फक्त एक प्रश्नचिन्ह काढून निबंध परत केला. आज तो निबंध मी तसा लिहिणार नाही. श्वार्ट्झ यांनी मुलाच्या बंधनमुक्तीसाठी जे केले त्यावर कोणतीही अट घातली नव्हती. मद्रासला असताना त्याचे खाणेपिणे, त्याचे सोवळे, त्याचे धर्माचार सर्व त्याच्या कुळाप्रमाणे चालू राहिले. अट घातली असती तर कदाचित राजा ख्रिस्ती झाला असता. पण मग मृत्यूच्या दिवशी तो रडत आला असता की नाही, मला शंका आहे.

राजांनी मात्र ऋण विसरले नाही. लंडनचे ख्यातनाम शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांनी संगमरवरी स्मारक करवून घेतले. तंजावरच्या लहान किल्ल्यातील श्वार्ट्झ यांच्या चर्चमध्ये ते आहे. मृत्युशय्येवर श्वार्ट्झ आहेत, मागे गेरिके उभे आहेत आणि तरुण राजा वृद्धाचा हात धरून उभा आहे. स्मारकावरील इंग्रजी ओळी राजांनी स्वतः रचल्या. हिंदू राजाने एका मिशनऱ्याचे स्मारक चर्चमध्ये उभारावे, त्यासाठी इंग्रजीत काव्य लिहावे, असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. १८०६ साली क्लॉडियस ब्युकॅनन तंजावरास आले तेव्हा राजांनी त्यांना दिवाणखान्यातील श्वार्ट्झ यांचे चित्र अभिमानाने दाखवले. गरीब ख्रिस्ती मुलांच्या पालनपोषणासाठी राजांनी खर्च केला. श्वार्ट्झ यांच्याच हाताखाली शिकलेले तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायकम शास्त्री यांना दरबारात आश्रय मिळाला. त्यांची गीते तमिळ मंडळ्यांत आजही गाइली जातात.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजींचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी हे गादीवर आले आणि १८५५ साली पुरुष वारसाविना वारले. त्याबरोबर कंपनीने राजा हे नावही काढून घेतले. राजवाड्याच्या खासगी मालमत्तेवरही टाच आली आणि राण्यांना न्यायासाठी विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जावे लागले. या धामधुमीत ग्रंथसंग्रह फुटला नाही ही मोठीच गोष्ट. १९१८ साली तो सर्व लोकांसाठी खुला झाला. पोथ्या मोजल्या गेल्या, याद्या छापल्या गेल्या, मोडी कागदांचे गठ्ठे मात्र बरेचसे बांधलेलेच राहिले.

२००३ साली, सप्टेंबर महिन्यात, चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे संस्थापक डॉ. बद्रीनाथ तंजावरास आले असता राजघराण्याच्या वंशजांनी त्यांच्याशी बोलताना जुन्या नेत्रशस्त्रक्रियांच्या कागदांचा उल्लेख केला. कागद ग्रंथालयातून बाहेर काढले गेले. नेत्रवैद्यांनी ते वाचले, त्यांतील रोग आजच्या नावांनी ओळखले आणि वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. दोनशे वर्षांपूर्वी कावेरीच्या खोऱ्यातून चालत आलेल्या माणसांचे डोळे त्या पानांवर रंगवलेले आहेत, कोणाचा उजवा गढूळ, कोणाचा डावा लाल, आणि खाली त्यांची हकीकत.